कडक बूट

बारावीनंतर उर्वीला लष्करी अकादमीत जायचं होतं. अर्जाला वजन यावं म्हणून डिसेंबरच्या उन्हाळी सुट्टीत लीडरशिप कॅम्प हवा होता. दर प्रजासत्ताकदिनी सिडनीच्या कॅसल हिल उपनगरातून जवानांना सलाम फॉरवर्ड करणाऱ्या बाबांनी शहरातल्या हॉटेलातला एसी कॅम्प शोधला. “बाबा, द अकॅडमी डझन्ट वॉन्ट मॅनेजर्स,” म्हणत तिने डोंगरातला निवडला. त्यासाठी आणलेले बूट लाकडासारखे कडक निघाले. “आई, आपला नंबर सेम आहे. मला ट्युशन आहे, तू घालून सैल करशील? पायाला फोड आले की घरी पाठवतात.” “आणि घरी पाठवलं तर?” “देन फर्गेट द अकॅडमी.” आईने बूट कपाटात ठेवले. मुलीला थांबवायला आता काहीच करायची गरज नव्हती. दुपारी आईनेच दुहेरी मोजे चढवले, ते बूट आवळले आणि दार उघडलं. “उन्हात कुठे निघालीस?” नवऱ्याने विचारलं. “पोरीला पोचवायला.”