निःशब्द चौक

नव्या खांबांच्या उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात रिक्षा, बस, भाजीवाले सगळे होते. पण कुठलाही आवाज हातभर अंतरापुढे जात नव्हता. ते खांब तो शोषून घेत होते. चौक सुधार समितीच्या वसुधा केळुसकर समाधानानं बघत होत्या. या खांबांसाठी त्यांनी दोन वर्षं दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या.

तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध त्यांना गोवारीकाका दिसले. जन्मांध काका खुर्च्या विणायच्या कामावर जाताना तीस वर्षं हा चौक एकटे ओलांडत. आज ते काठी धरून जागीच उभे होते. चार पावलांवर बस येऊन थांबली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

वसुधाताईंनी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि कानाशी हाक मारली.

"ताई, तुम्ही? आज बाजार बंद आहे का हो? भजीची कढई ऐकू आली की मी डावीकडे वळतो."

"चालू आहे, काका. हे खांब आवाज गिळतात. तुम्हीही अर्जावर अंगठा दिला होतात."

"तुम्ही म्हणालात, चौक सुधारायचाय. मी म्हटलं, चांगलंच आहे."

घाईत त्यांनी काकांना अर्ज वाचून दाखवलाच नव्हता.

समितीच्या सभेत वसुधाताईंनी खांब बंद करण्याचा ठराव मांडला. त्यांच्याखेरीज कुणीच हात वर केला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी वसुधाताई काकांना पलीकडे नेतात. काका दरवेळी म्हणतात, "देव तुमचं भलं करो." ते मात्र ताईंना ऐकवत नाही.