तीनशे अठरावी बाटली

जंतूंची दोरी वळलेल्या सुतळीसारखी होती, एका टोकाला किंचित सुटलेली. तीनशे अठराव्या बाटलीत, इलारिओ या रुग्णाच्या रक्तात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसली तशीच नेलिदाने ती प्रयोगशाळेच्या वहीत काढली होती. शेजारच्या पानावर, ते रक्त बाटलीत घातलं त्या दिवशीच्या कामांचा क्रम होता, तिच्याच बारीक अक्षरात. औषध घातलेल्या बाटलीतही जंतू वाढले होते. म्हणजे हट्टी क्षय. तिचा रिपोर्ट गेला त्या दिवसापासून इलारिओला रोज इंजेक्शन सुरू झालं.

"पुन्हा तेच पान?" डॉक्टर ओस्वाल्दो दारातूनच म्हणाले. "एव्हाना पाठ झालं असेल."

"बघत होते."

"छातीच्या फोटोत काही नाही, थुंकीत काही नाही. नुसत्या रक्तातून पकडलात तुम्ही. बावीस वर्षांत एक रिपोर्ट खोटा ठरला नाही. असं माणूस लिमात दुसरं दाखवा. मग प्रयोगशाळेचं प्रमुखपद नको कशाला?"

"नको कुठे म्हटलं?"

"हो तरी कुठे म्हणताय? महिना झाला. आज होकाराचं पत्र जायलाच हवं."

इलारिओची बायको दोमितिला केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे गरम तामाल घेऊन आली. "सेन्योरा, हे तुम्हाला. डॉक्टर, तुम्ही नजर लावू नका."

"मला एकही नाही? त्याला इंजेक्शन कोण देतं?"

"म्हणूनच नाही." ती हसली, मग स्वतःशी बोलल्यासारखं हळूच म्हणाली, "ताप गेला त्याचा. त्या इंजेक्शनांनी डावा कानही गेला. गिटार लावताना सूर बरोबर आहे का, ते मला विचारतो. मी गायला लागले की गल्लीतली कुत्री पळतात, आणि मला विचारतो."

"दुसरा कानही जाईल कदाचित," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं अजून पाच महिने आहेत."

"जाऊ दे. जीव राहिला. तो या बाईंच्या डोळ्यांमुळे."

नेलिदाने पुडीला हात लावला नाही.

"बघा," डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "आभारसुद्धा घेत नाहीत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "त्याचं इंजेक्शन देऊन येतो. तोवर ठरवा."

"थांबा, डॉक्टर. ठरलंय माझं."

त्यांनी खिशातून पत्र काढून तिच्यापुढे धरलं.

"ते इंजेक्शन देऊ नका. पडताळणीसाठी आपण ठेवलेले हट्टी जंतू सगळ्यात शेवटी उघडायचे असतात. त्या दिवशी मी ते आधी उघडले, आणि लगेच इलारिओच्या रक्ताची बाटली हातात घेतली. त्याला क्षय नाही. त्याच्या बाटलीत ते जंतू माझ्या हातून गेले."