काकूंची नजर

फोटो स्टुडिओत वीस वर्षं डोळे शिणवलेल्या काकूंना कंपनीने नव्या कामाला बसवलं. पडद्यावर आलेला फोटो डोळ्याला कसा वाटतो ते बघून एक ते पाच गुण द्यायचे, आणि त्यावरून यंत्र शिकणार. काकू एकेका फोटोपाशी रेंगाळल्या तशा साहेब खेकसले, "काकू, फोटो बघायचाय, त्यात राहायला जायचं नाहीये! दोन सेकंदांत उरका, नाहीतर घरी बसा."

घर काकूंच्याच पगारावर चालायचं. त्यांचा वेग वाढला. साहेब रोज किती फोटो झाले तो आकडा विचारायचे, गुण कधीच बघायचे नाहीत.

सहा महिन्यांनी साहेब गिऱ्हाइकासमोर छाती फुगवून म्हणाले, "यंत्र हुबेहूब काकूंच्या नजरेने बघतं. काकू, उद्यापासून सुट्टी!"

गिऱ्हाइकाने यंत्राला लख्ख फोटो दिला. तीन गुण. हललेला दिला. तीन. कॅमेऱ्याचं झाकण न काढता घेतलेला काळाकुट्ट दिला. तीन.

"काकू, हे काय?" साहेबांचा चेहरा उतरला.

काकूंनी पिशवी खांद्याला लावली.



"त्याला कशाला बोल लावता? तुम्ही दम भरल्यापासून मीही न बघताच तीन दाबत होते."