अण्णांची नदी

“मासा हवा तेवढा मोठा सांगावा, पोरी. नदी मात्र सांगू नये. सांगितलेली नदी आटते.”

माशी शाळेतही जात नव्हती, तेव्हा तिने ऐकलेला हा आवाज तिच्या वडिलांचा, अण्णांचा. दारात बांधलेली बॅग असे. अण्णा तिला गळाच्या लांब काठीशी ताठ उभं करत आणि तिच्या डोक्याच्या उंचीवर काठीला लाल दोरा बांधत. “तुझ्याएवढा मासा भेटला तर कळायला नको?” मग तिला आत्याच्या हाती सोपवून निघत. दर वर्षी, पाणी निवळलं की.

माशी हे नावही त्या नादातूनच पडलेलं. गळाला किडा लावायचा नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर नाचवायची, आणि फसलेला मासा ओल्या हातांनी पुन्हा पाण्यात सोडायचा, असा हा खेळ. त्यामुळे रिकाम्या हातांनी परतणाऱ्याला त्यात कुणी हसत नाही. लहानपणी ती असल्या माश्या इतक्या बांधायची, की घरातल्यांनी तिलाच माशी करून टाकलं.

आता लोकांना या खेळासाठी जगाच्या टोकाला पाठवणं हाच तिचा धंदा होता. मोठं विमान, मग छोटं, मग होडी. गाईड कोण, उतरायचं कुठे, ओले बूट वाळवायचे कुठे, सगळं तीच ठरवी. तिच्या ऑफिसच्या भिंतीवर नद्याच नद्या होत्या. अण्णांची तेवढी नव्हती.

तिने मागितली नव्हती असं नाही.

“मेल्यावर घेऊन जाणार का वर?” ती चिडून विचारी.

“वर पाणी असतंच,” अण्णा म्हणत आणि विषय संपवत.

गुडघे गेल्यापासून अण्णांचं जाणं थांबलं होतं. ऑफिसच्या खिडकीशी बसून ते माश्या बांधत. मोसम आला की मात्र त्यांना घास जात नसे. समोरच्या रस्त्याकडे बघत बसत, जणू तोच वाहत होता.

नदी सापडली ती एका दातांच्या डॉक्टरमुळे. हे जुनं गिऱ्हाईक, वाचाळ. भिंतीवर अण्णांचा तरुणपणीचा एकच फोटो होता: हातात काठी, मागे डोंगर, मासा नाही.

“हा तुटका सुळा मी पाहिलाय की!” डॉक्टर डोंगरावर बोट ठेवून ओरडला. “गेल्या साली विमानातून. असा दात मी विसरेन होय?”

“डोंगर आहे तो, डॉक्टर.”

“तेच म्हणतो. मुळापासून किडलेला.”

तिने छोट्या विमानाच्या पायलटला गाठलं, पायलटने नावाड्याला. सुळ्याच्या पायथ्याशी नदी होती, आणि पाहुणे ठेवणारं घर एकच. घरवालीने आधी जागा नाही म्हणून सांगितलं. मग नावाड्याचा पुन्हा फोन आला: कोण घेऊन येतंय ते विचारलं, तुमचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, येऊ दे.

“बघा!” माशी अण्णांना म्हणाली. “आपलं नाव तिथवर पोचलंय.”

अण्णांच्या हातातली माशी उसवली.

डॉक्टरची मंडळी घेऊन माशी स्वतःच निघणार हे ठरलं, आणि त्या दिवसापासून घरात कुरबूर सुरू झाली. अण्णा म्हणाले, पाणी फार ओढाळ आहे. मग म्हणाले, पाणीच उरलं नसेल. मग डास आले, मग अस्वलं आली.

“अस्वलं डॉक्टरला खातील,” माशी म्हणाली. “बडबड तरी थांबेल.”

“थट्टा नको. दुसऱ्या कुणाला पाठव.”

“का? मला नाही मासा लागत?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

अण्णांनी नवं पीस उचललं.

डॉक्टरने एकदा सहज विचारलं, “अण्णा असे नदीवर जायचे, तेव्हा तुझी आई काही बोलायची नाही?”

“आई कुठली? मी रांगत होते तेव्हाच वारली, तापाने. आत्याने आणि अण्णांनी वाढवलं मला.” मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, “त्यांनी मला काहीच कमी केलं नाही. एक नदी सोडून.”

खरं दुखणं ते होतं. नदी सापडली होती, पण सापडलेली नदी नि दिलेली नदी यांत आपल्या-परक्याचा फरक असतो. तिला ती अण्णांच्या तोंडून हवी होती. ते थकत चालले होते. उद्या न सांगताच गेले, तर ती आयुष्यभर त्या काठावर चोरासारखी उभी राहणार होती.

निघायच्या सकाळी तिने बॅगेत लोकरीचे स्वेटर भरले. अण्णा दर फेरीला तिकडच्या बाजारातून एक आणत. मासा नाही तर स्वेटर तरी, असं म्हणत. अंगात बसला नाही असं कधी झालं नव्हतं.

खाली टॅक्सीने हॉर्न दिला. अण्णा काठी टेकत दारात येऊन उभे राहिले, वाट अडवून.

“नको जाऊस.”

“अण्णा, माणसं खोळंबलीत.”

“ऐक माझं.”

“आयुष्यभर ऐकलं.” तिने बॅगेची चेन ओढली. “एवढी परकी आहे का मी तुम्हाला? मला बाकी काही नको. नदी मी शोधली. कुठल्या वळणावर मासे आहेत, तेवढं तरी तुमच्या तोंडाने सांगा.”

 अण्णांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

“तिथे मासे नाहीत, पोरी,” ते म्हणाले. “तिथे तुझी आई आहे.”