खालचा आवाज

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेता घेता ताईंचे केस पांढरे झाले होते. नव्या मुलीचा मात्र प्रत्येक फोनला धीर सुटायचा. समोरचा रडायला लागला की हिचाही आवाज चढायचा, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणायचे.

"अगं, असा ताण घेतलास तर चार दिवस टिकायची नाहीस इथे," ताई समजावत. "बातमी जितकी वाईट, तितका आवाज खाली. पत्ता मोठ्याने परत म्हणायचा. मग सांगायचं, गाडी निघालीय, आता फक्त माझं ऐका, आधी श्वास घ्या. त्यांनाही आधार आणि आपलंही डोकं ठिकाणावर."

पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आज दुपारी फोन आला आणि भोंग्याने पत्ता मोठ्याने म्हटलाच नाही. नुसता लिहून घेतला, ड्रायव्हरला पाठवला आणि कागदावर हात ठेवून बसली.

ताईंचा पारा चढला. "कितीदा सांगायचं तुला? पत्ता मोठ्याने म्हण म्हणून."

मुलीने हेडफोन काढून ठेवला. खुर्ची ताईंच्या जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"ताई, गाडी निघालीय. तुमच्याच घरी. आता फक्त माझं ऐका. आधी श्वास घ्या."

महिनाभर डोकं फोडूनही न जमलेला आवाज आज तिला लागला होता. इतका खालचा आवाज ताईंनी स्वतःही आजवर कुणासाठी लावला नव्हता.