फ्लेक्सवरच्या झुंबरबाई

हृदयाच्या गोळ्या संपल्या म्हणून झुंबरबाई सरकारी दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीपाशी आल्या.

"तुमचं नाव उडालं. धडधाकट गरिबांना योजनेतून वगळायचा वरून आदेश आलाय," आतला कारकून म्हणाला.

"अहो, मला ओळखलं नाहीत? फाटकावरच्या फ्लेक्सवर मीच आहे!" झुंबरबाईंनी ऐटीत बोट दाखवलं. तिथं त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'योजनेनं मला ठणठणीत केलं!'

"मग? सरकारच म्हणतंय तुम्ही ठणठणीत आहात. गोळ्या कशाला हव्यात? आजारी पडलात की या."

गोळ्या घेते म्हणूनच ठणठणीत आहे, हे सांगेपर्यंत खिडकी बंद झाली. झुंबरबाई धापा टाकत फाटकाशी पोचल्या आणि फ्लेक्सलाच टेकल्या.

तसा वॉचमन खेकसला, "ओ मावशी, सरका तिकडं! मंत्री यायचेत, लाभार्थीचं तोंड झाकताय."