दार गोठलं त्या वर्षी

कर्टिसशी लग्न ठरल्यावर जोएल थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला पहिल्यांदाच त्याच्या घरी, मिनेसोटाला आली होती. टर्की कापता कापता त्याचे बाबा, व्हर्लिन, रंगात आले.

"एका वर्षी तर कमालच झाली! मी आणि माझा भाऊ तळघरात मॅच बघत बसलेलो. ही मार्लिस मागच्या अंगणात गेली आणि थंडीनं दार गोठून बसलं. दीड तास बाई बर्फात, अंगात नुसता स्वेटर! आम्हाला पत्ताच नाही!"

सगळे खो खो हसले. कर्टिसच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्याची आई मार्लिसही हसली.

जोएल उष्ट्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. मार्लिस मागोमाग आली. तिनं नळ मोठा सोडला आणि जोएलचा कोट तिच्या हातात दिला.

"गाडी काढ आणि आपल्या घरी जा, पोरी. हे लग्न करू नकोस."

"अहो, पण झालं काय?"

"दार गोठलं नव्हतं. मी कर्टिसला गाडीची चावी द्यायला नाही म्हटलं होतं. सतरा वर्षांचा होता तेव्हा. त्यानं आतून कडी घातली, खुर्ची ओढली आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघत सावकाश जेवला."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"ह्यांना सांगितलं ना. त्याच संध्याकाळी ह्यांनी पाहुण्यांना हा किस्सा पहिल्यांदा सांगितला."